बिअर गाळत नाहीत, आंबवतात

विरजण (धागाकर्ता)

मागे खाऊगल्लीच्या धाग्यावर मी सहज लिहून गेलो की आमच्या तळघरात एकोणीस लिटर बिअर फसफसते आहे. त्यानंतर व्यनिंची (खासगी निरोपांची) रांग लागली. निम्म्या लोकांना वाटलं मी हातभट्टी टाकली आहे, उरलेल्या निम्म्यांना पत्ता हवा होता. म्हणून हा धागा.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. दारू 'गाळतात', म्हणजे आंबलेलं द्रावण उकळून त्याची वाफ थंड करून पकडतात. बिअर कोणी गाळत नाही. ती आंबवतात, इडलीच्या पिठासारखी, आणि मग तशीच बाटलीत भरतात. गाळण्याचा उद्योग घरी करायचा नाही आणि त्यावर या धाग्यात चर्चाही नको.

मी ओरेगनमध्ये, पोर्टलंडजवळ राहतो. देशात असताना माझ्या लेखी बिअरला एकच चव होती: थंड. इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात एका सहकाऱ्याने कोपऱ्यावरच्या ब्रूपबमध्ये, म्हणजे स्वतःची बिअर बनवणाऱ्या बारमध्ये, नेलं आणि समोर पेल ॲल ही फिकी बिअर ठेवली. पहिल्या घोटाला पपनसाची साल नखाने खरवडल्यासारखा वास आला. मी विचारलं, यात कुठलं फळ घातलंय? तो म्हणाला, काही नाही, फक्त कॅस्केड. हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी वेलीवरची फुलं; कॅस्केड ही त्यांची एक जात. ओरेगनमधल्याच कॉर्व्हॅलिसच्या सरकारी संशोधनातून ती तयार झाली आणि १९७२ मध्ये शेतकऱ्यांना मिळाली. पुढे अमेरिकेतल्या छोट्या ब्रूअरींनी तिच्यावरच आपली ओळख उभी केली. एक वास नाकात बसला आणि मी कामातून गेलो, एवढंच सांगायचं होतं.

आता क्राफ्ट बिअर प्यायची कशी, यावर बरंच शहाणपण ऐकू येतं. मला त्यातलं कामाचं इतकंच वाटतं. बाटलीवरची किंवा कॅनवरची भरल्याची तारीख बघा. हॉप्सचा वास फार लवकर उडतो, त्यामुळे सहा महिने दुकानात उभी राहिलेली आयपीए (जास्त हॉप्सची पेल ॲल) म्हणजे नुसता कडूपणा. बर्फासारखी गार करू नका, जिभेला काही कळत नाही. ग्लासात ओता आणि फेस येऊ द्या, कारण वास त्या फेसातूनच वर येतो. फेस आला म्हणजे आपल्याला फसवलं, असं आमच्या काकांचं ठाम मत आहे. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. हिरव्या बाटलीतल्या बिअरला कधीकधी उग्र, कुबट वास येतो ना? उजेडाने हॉप्समधला कडू घटक बिघडतो, त्याचा तो वास. तपकिरी काच हा उजेड बऱ्यापैकी अडवते.

घरी करायला लागलो ते पुढच्या वर्षी. इथे ते कायदेशीर आहे. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७८ मध्ये त्या कायद्यावर सही केली. घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००. विकायची मात्र नाही. पोर्टलंडमध्ये घरगुती बिअरचं सामान विकणारं एक दुकान १९१८ पासून आहे. पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा किराणा दुकानात आल्यासारखंच वाटलं. डबे, मापं, धान्य दळायची गिरणी, आणि गल्ल्यावर सगळं ठाऊक असलेले एक आजोबा.

आता मुख्य कृती. पण ती सांगायच्या आधी नाचणीबद्दल बोलावं लागेल.

आमची आजी नातवंडांसाठी नाचणीचं सत्त्व करायची. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत खडखडीत वाळवायची, मग दळायची. बिअरसाठी जवाचं नेमकं हेच करतात. त्याला माल्टिंग म्हणतात. मोड का आणायचे? दाण्यात पिष्ट म्हणजे स्टार्च साठवलेला असतो. कोंब फुटला की दाणा तो स्टार्च मोडून साखर करणारे एन्झाइम तयार करतो, स्वतःच्या पोटासाठी. आपण योग्य वेळी वाळवून त्याची वाढ थांबवतो आणि एन्झाइम आयते मिळवतो. मोड आलेल्या नाचणीची पेज साध्या पिठाच्या पेजेपेक्षा पातळ होते, ती यामुळेच. आजीला एन्झाइम हा शब्द माहीत नव्हता, पण 'मोडाचं पीठ घातलं की पेज सैल पडते' हे पक्कं माहीत होतं.

तर भरडलेला माल्ट ६५ ते ६७ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर झाकून ठेवायचा. याला मॅश म्हणतात. ६३-६४ अंशांवर ठेवलात तर यीस्टला (साखर खाऊन अल्कोहोल करणाऱ्या सूक्ष्मजीवांना) सहज खाता येईल अशी साखर जास्त बनते आणि बिअर कोरडी, हलकी होते. ६९-७० वर ठेवलात तर न आंबणारी साखर जास्त राहते आणि बिअर अंगाने जड होते. चार-पाच अंशांत सगळा स्वभाव बदलतो. थर्मामीटर चांगला घ्या, बाकी पातेलं घरातलं चालेल.

पण पहिल्याच खेपेला मॅशच्या भानगडीत पडू नका. बाजारात माल्टचा तयार सुका अर्क मिळतो. माझी पहिली कृती, एकोणीस लिटरसाठी: अडीच किलो फिक्या रंगाचा सुका माल्ट अर्क, कॅस्केड हॉप्स ९० ग्रॅम आणि सुक्या ॲल यीस्टचं साडेअकरा ग्रॅमचं एक पाकीट. पाणी उकळलं की गॅस बंद करून अर्क ढवळायचा, नाहीतर तळाला लागतो. पुन्हा उकळी आली की ३० ग्रॅम हॉप्स घालून तासभर उकळायचं. हे कडूपणासाठी. शेवटची दहा मिनिटं उरली की आणखी ३० ग्रॅम, आणि गॅस बंद करताना उरलेले ३०, हे वासासाठी. फोडणीत आधी काय आणि वरून कोथिंबीर कधी, हे ज्याला कळतं त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. उकळी फुटताना पातेल्यासमोरून हलू नका. दूध उतू जातं तितक्याच विश्वासघाताने हे उतू जातं, आणि साफ करायला दुधाहून वाईट.

मग झटपट थंड करायचं, वीस अंशांच्या खाली. धुतलेल्या, निर्जंतुक केलेल्या बादलीत ओतायचं, चांगलं घुसळून हवा मिसळायची, यीस्ट घालायचं, झाकणाला एअरलॉक लावायचा, म्हणजे आतला वायू बाहेर जातो पण बाहेरची हवा आत येत नाही. दोन आठवडे १८ अंशांच्या आसपास. उघडून बघायचं नाही.

हायड्रोमीटर हे द्रावणाची घनता मोजणारं काचेचं तरंगतं खेळणं जरूर घ्या. आंबवण्याआधी माझं माप १.०४८ होतं, शेवटी १.०१०. दोन्हींतला फरक १३१ ने गुणला की अल्कोहोलचं प्रमाण, म्हणजे साधारण ५ टक्के. लागोपाठ दोन-तीन दिवस माप बदललं नाही की आंबणं संपलं. त्याआधी बाटल्या भरायच्या नाहीत. हे वाक्य दोनदा वाचा. बाटली भरताना एकोणीस लिटरला ११०-१२० ग्रॅम साखर उकळलेल्या पाण्यात विरघळवून मिसळतात. यीस्ट ती खाऊन बंद बाटलीत वायू बनवतं आणि फेस येतो. आधीची साखर शिल्लक असेल तर तीही खाल्ली जाते, आणि मग बाटली फुटते. काच छतापर्यंत जाते.

माझा पहिला घाणा अर्थातच बिघडला. थंड व्हायची वाट न बघता ३० अंशांवर यीस्ट घातलं. चव आली नेलपॉलिशची. ५० बाटल्या नेलपॉलिश. बायकोने एक घोट घेतला आणि म्हणाली, "छान आहे, पण नको."

विचारा काय विचारायचं ते.

शंकासूर

धागा वाचला. प्रश्न साधा आहे. दुकानात सहा कॅन मिळतात, हात न हलवता. तुम्ही दिवसभर पातेली उकळता, दोन आठवडे थांबता, मग पुन्हा दोन आठवडे बाटल्यांकडे बघत बसता, आणि शेवटी नेलपॉलिश. याला छंद म्हणायचं की प्रायश्चित्त?

वर्धेकर

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. तरी धागा शेवटपर्यंत वाचला. पुढे बोला, ऐकतोय.

पेठेतला_पाहुणा

कायद्याचं मी सांगतो, कारण हा धागा वाचून कोणी पुण्यात बादली घेऊन बसेल. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं हा गुन्हा आहे, स्वतःपुरती असली तरी. प्यायलासुद्धा कागदोपत्री परवाना लागतो. परमिट रूम हा शब्द त्यातूनच आला. तेव्हा परदेशस्थ मंडळींनी बनवावी आणि आम्ही मायक्रोब्रूअरीत जाऊन प्यावी, अशी सध्याची श्रमविभागणी आहे.

अवांतर: पुण्यात २००९ मध्ये डूलॅली ही मायक्रोब्रूअरी सुरू झाली. हे नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचं आहे. देवळालीला ब्रिटिश सैन्याची छावणी होती. मुदत संपलेले सोल्जर मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत तिथे महिनोन् महिने पडून असायचे. उकाडा, रिकामपण, ताप. त्यावरून डोकं फिरलेल्या माणसाला ते 'डूलॅली टॅप' म्हणू लागले. टॅप म्हणजे बिअरचा नळ नव्हे, आपला ताप. बिअरच्या जागेला हे नाव ठेवणाऱ्याच्या विनोदबुद्धीला सलाम.

म्युनिकची_मावशी

विरजण, छान लिहिलंयस. पण गव्हाचा उल्लेखही नाही? आमच्याकडे रविवारी सकाळी अकराला सॉसेज आणि गव्हाची बिअर घेऊन बसणं म्हणजे देवपूजेइतकं नेमाचं काम.

इथले लोक १५१६ च्या बिअरच्या शुद्धतेच्या कायद्याचा फार अभिमान बाळगतात: पाणी, जव आणि हॉप्स, बाकी काही नाही. यीस्टचं नाव त्यात नाही, कारण आंबतं कशामुळे हे तेव्हा कोणालाच नीट कळलं नव्हतं. पाश्चरने १८७६ मध्ये बिअरवरचा अभ्यास छापला आणि १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रूअरीत हॅन्सन या शास्त्रज्ञाने यीस्टची एकच शुद्ध जात वेगळी काढून वाढवली. म्हणजे साडेतीनशे वर्षं लोक मागच्या घाण्याचा गाळ पुढच्यात घालत होते. आपण कालचं ताक विरजणाला ठेवतो तसंच. तुझं टोपणनाव बरोबर आहे बघ.

गव्हाच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, आणि त्यात केळंही नसतं नि लवंगही. दोन्ही वास यीस्टच देतं. जरा उबेत आंबवलं की केळं वाढतं. ओतताना शेवटचा घोट बाटलीत ठेवायचा, बाटली गोल फिरवायची आणि तो गाळ वरून ओतायचा. माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "गाळ पाहुण्याला वाढतात होय गं?"

घरी बनवायची तर इथे पूर्वी कस्टम्सच्या कार्यालयाला आधी कळवावं लागायचं. जर्मन माणूस ते कळवायचाही.

तांब्याभर

आयपीएमधला आय म्हणजे इंडिया, हे कोणी अजून बोललं कसं नाही? भारतातल्या गोऱ्या सैनिकांसाठी ती मुद्दाम शोधली, असं वाचलंय.

पेठेतला_पाहुणा

@तांब्याभर, ती गोष्ट अर्धी खरी आहे. लंडनच्या गोदीजवळ हॉजसन नावाचा ब्रूअर होता. त्याच्याकडे चांगली हॉप्स घातलेली, मुरवायची पेल ॲल आधीपासूनच होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांचे कप्तान ती इथे आणून विकायचे, आणि महिनोन् महिन्यांच्या प्रवासात ती आणखी छान मुरायची. पुढे इंग्लंडमधल्याच बर्टन गावच्या ब्रूअरींनी हा धंदा हिसकावला, कारण तिथल्या पाण्यात जिप्सम भरपूर आहे आणि त्याने हॉप्सचा कडूपणा स्वच्छ उठतो. पण ही बिअर साहेबलोकांची. साध्या शिपायांसाठी यायची ती काळी पोर्टर. मुंबईच्या उकाड्यात काळी पोर्टर! मग देवळालीला डोकी फिरली नाहीत तर काय.

कोकमसरबत

मी मूळची मालवणची, सध्या लाइपझिगला. इथली गोझ नावाची बिअर प्यायलाय का कोणी? गव्हाची, आंबट, त्यात धणे आणि चक्क मीठ. पहिला घोट घेतला आणि मला सोलकढी आठवली. नारळ वजा करून. यात कोकम घातलं तर? विरजण, करून बघता का?

शंकासूर

माझ्या प्रश्नाला उत्तर नाही मिळालं. शिवाय आता बिअरमध्ये कोकम. पुढच्या पानावर पुरण घालाल.

विरजण

एकेकाला उत्तर देतो.

@शंकासूर: पैशाचा हिशेब केला तर सामानाला चाळीस-पन्नास डॉलर लागतात आणि पन्नास बाटल्या निघतात. स्वस्त वाटतं. पण भांडी, थर्मामीटर आणि माझा शनिवार धरला तर अजिबात परवडत नाही. मी ते बिअरसाठी करतही नाही फारसं. रात्री तळघरात गेलं की एअरलॉकमधून बुडुक, बुडुक असा आवाज येत असतो. तो ऐकायला दहा मिनिटं पायरीवर बसतो. हे तुम्हाला पटणार नाही, ठीक आहे.

आणि खरं काम बनवणं नाहीच. सत्तर टक्के वेळ भांडी धुण्यात जातो. उकळी थांबल्यानंतर जे जे बिअरला लागणार ते सगळं आधी धुवायचं, मग सॅनिटायझरमध्ये बुडवायचं: बादली, नळी, चमचा, झाकण, कात्री. ज्या कात्रीने यीस्टचं पाकीट कापता ती विसरते. माझा चौथा घाणा बहुधा कात्रीनेच आंबट केला.

चवीवरून चूक ओळखता येते, ते लिहून ठेवा. लोण्याचा वास आला तर यीस्टला काम पुरं करू दिलं नाही, दोन-तीन दिवस जरा उबेत ठेवा. हिरव्या सफरचंदाचा आला तर घाई केली. औषधी पट्टीसारखा वास आला तर पाण्यातलं क्लोरीन. पोर्टलंडच्या पाण्यात क्लोरामाइन असतं आणि ते नुसत्या उकळण्याने सहज जात नाही. ते घालवायला कॅम्पडेनची गोळी मिळते, तिचा तुकडा पुरतो.

एक फजिती सांगायची राहिली. काळ्या स्टाउटचा घाणा होता, बादली काठोकाठ भरलेली, ठेवली कपड्यांच्या कपाटात कारण तिथे ऊब होती. दुसऱ्या रात्री फेस वर चढला, एअरलॉक चोंदला, आणि पहाटे तीनला झाकण उडालं. कपाटात बायकोच्या दोन पैठण्या होत्या. यावर मी अधिक काही लिहिणार नाही. बादलीत वर चार-पाच लिटरची जागा मोकळी ठेवा, आणि सुरुवातीचे दिवस एअरलॉकऐवजी जाड नळी लावून तिचं टोक पाण्याच्या भांड्यात सोडा.

@म्युनिकची_मावशी: गव्हाची पुढच्या महिन्यात करतो. बेल्जियन पद्धतीची केली आहे, धणे आणि संत्र्याची साल घालून. त्याला इथल्या दुकानातले गोल धणे घातले तर साबणासारखा वास आला. मग भारतीय वाणसामानाच्या दुकानातले लांबट धणे आणले. लिंबासारखा वास, एकदम साफ. वीस ग्रॅम, खलबत्त्यात जाडसर कुटून, शेवटच्या पाच मिनिटांत.

@कोकमसरबत: कोकम! करणार. पण आमसुलांना आधीच मीठ लावलेलं असतं, म्हणजे वरचं मीठ कमी करावं लागेल. मीठ न लावलेली वाळवलेली सोलं मिळतात का बघतो.

कुत्रा पाळणाऱ्यांसाठी: वापरलेले हॉप्स कचऱ्यात उघडे टाकू नका. कुत्र्यांना ते विषारी असतात, अंगाचा ताप जिवावर बेतेल इतका चढतो. जवाचा चोथा मात्र वाया घालवू नका. हॉप्स पडायच्या आधी गाळून घेतलेला चोथा वाळवून दळायचा आणि चार भाग भाजणीला एक भाग टाकायचा. थालीपीठ खमंग होतं, फक्त टरफलं असतात म्हणून बारीक दळा.

वर्धेकर

एक शंका. ते मोडाचं पीठ आणि ६५ अंशांचं प्रकरण. यीस्ट घातलंच नाही तर दारू होणार नाही, बरोबर? म्हणजे तेवढं आम्हाला करून बघता येईल.

विरजण

येईल की! बिअरचा अर्धा भाग तोच आहे आणि तो लहान मुलालाही चालतो. तांदळाची घट्ट पेज करा, चमचा उभा राहील अशी. ६५ अंशांपर्यंत निवू द्या. त्यात दोन चमचे मोड आलेल्या नाचणीचं पीठ घालून ढवळा, भांडं चादरीत गुंडाळा आणि पाऊण तास विसरून जा. मग चव घ्या. लगेच खायची, फार वेळ ठेवायची नाही.

कोकमसरबत

मीठ न लावलेली सोलं आईकडून मागवलीत. पत्ता व्यनि करा, अर्धी तुम्हाला.

वर्धेकर

केलं. पहिल्यांदा काहीच झालं नाही. पेज होती तशीच घट्ट. बायको म्हणाली, बाजारचं सत्त्व भाजलेलं असतं. पाकिटावर बघितलं, खरंच भाजलेलं.

विरजण

वहिनींना नमस्कार सांगा. भाजलं की एन्झाइम मरतात, हे मी लिहायला हवं होतं. काळा माल्ट नुसता मॅश केला तर साखर निघत नाही, त्याचंही कारण तेच. घरी मोड आणा आणि नुसतं उन्हात वाळवा.

वर्धेकर

चार दिवस लागले. मोड आणले, गच्चीवर वाळवले, मिक्सरवर दळलं. पेज निवायला ठेवली. थर्मामीटर मुलाच्या शाळेच्या प्रयोगाचा होता. पीठ घालून ढवळायला लागलो आणि पाचव्या मिनिटाला चमचा आडवा पडला. पाण्यासारखी सैल झाली. पाऊण तासाने चाखली तर गोड. साखर घातली नाही हे आईला पटेना, तिने डबा उघडून बघितला. मुलाने दोन वाट्या प्यायली.

शंकासूर, तुम्हीही करून बघा. यात नेलपॉलिश नाही.

शंकासूर

नाचणी भिजत घातली आहे. कोणाला सांगू नका.